ज्याने खोललं त्यानेच बांधायचं

अमळनेरच्या स्टेशन रोडवर जीवराम मिस्त्रीने गॅरेज टाकलं, तेव्हा पाटी रंगवणाऱ्याने त्याला न विचारता सल्ला दिला होता. 'जय भारत गॅरेज' लिहू म्हणाला, वर एक तिरंगा काढून देतो, लोकांना बरं वाटतं.

"माझं नाव लिही," जीवराम म्हणाला. "पूर्ण लिही. जीवराम तोताराम बैसाणे, मोटारसायकल मिस्त्री. आणि बैसाणे जरा ठळक काढ."

"अरे भाऊ, गिऱ्हाईक आडनाव वाचून तसंच पुढे जाईल."

"जाऊ दे. आधी गाडी टाकायची आणि मग आडनाव कळलं म्हणून पोट दुखवून घ्यायचं, त्यापेक्षा दारातूनच गेलेलं बरं. माझाही वेळ वाचतो."

काही गेले. बरेच आले. माणसं जात बघतात, पण गाडी भर रस्त्यात बंद पडली की जरा कमी बघतात. शिवाय जीवरामचा हात लष्कराच्या वर्कशॉपात घडलेला. देवळालीला त्याने उमेदीची वर्षं इंजिनं खोलण्यात आणि बांधण्यात घालवली होती. खोलणं म्हणजे सुटं करणं, बांधणं म्हणजे पुन्हा एकजीव करणं. खोलणारे गल्लोगल्ली सापडतात. ज्याने बांधलेलं इंजिन किक मारताच बोलतं, तो मिस्त्री.

माणूस काडीसारखा. सडपातळ, कोरडा, घासला की पेटणारा. एकदा कचेरीतल्या एका साहेबाने 'ए, इकडे ये' अशी हाक मारली. जीवराम गाडीखाली आडवा होता, तो आडवाच राहिला. साहेब घसा खाकरून 'जीवराम' म्हणाला, तेव्हा बाहेर आला. "आता ऐकू आलं," म्हणाला.

तर एकाहत्तर साली, पाऊस ओसरता ओसरता, दलिचंदशेठ स्वतः चालत गॅरेजवर आला. जिनिंगचा मालक, बाजारपेठेत घर, पण चालायचा असा की जणू दुसऱ्याच्या रस्त्यावरून जातोय. त्याच्या घरी लष्करी बीएसए मोटारसायकल होती. मोठी लढाई संपल्यावर त्याच्या वडिलांनी, लखीचंदशेठनी, देवळालीच्या लिलावात घेतलेली. म्हातारा त्या गाडीवरून चोपड्याला जायचा, जामनेरला जायचा, कापूस बघायचा. दोन शेतं पलीकडून आवाज ओळखून लोक कापसाच्या गाड्या बाहेर काढायचे म्हणे. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, पुढे नारळ, आणि मग गाडीची एक फेरी जिनिंगच्या फाटकापर्यंत. फेरी झाल्याशिवाय हंगाम सुरू व्हायचा नाही. म्हातारा गेला, मागोमाग इंजिन जाम झालं. तेव्हापासून दरवर्षी हार पडायचा, नारळ फुटायचा, आणि गाडी जागची हलायची नाही. जिनिंगमधले हमाल तोंडावर हात ठेवून हसायचे.

"ह्या दसऱ्याला चालली पाहिजे, जीवराम."

जीवरामची बोटं शिवशिवली. त्याचे हात ह्याच इंजिनावर घडले होते. "गाडी आणून टाका," तो म्हणाला.

शेठ पाटीकडे बघत राहिला. "गाडी बाहेर नाही न्यायची. वडिलांची आहे, आईचा जीव आहे तिच्यात. तूच घरी ये. मागच्या बाजूने ये. गोठ्यात जागा करून देतो."

मागच्या बाजूने. जीवरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्या कुठल्या गाडीसाठी त्याने शेठला तिथूनच वाट दाखवली असती. पण ती बीएसए होती. तो हो म्हणाला.

संध्याकाळी सुनंदाबाईने, त्याच्या बायकोने, भाकरी थापता थापता विचारलं, "मागल्या दाराला हो म्हणलात?"

"इंजिनाला हो म्हणलो."

"मग इंजिन काय मागूनच दिसतं का?" तिने विचारलं, आणि भाकरी तव्यावर आपटली.

गोठ्यातली बैलं शेतावर होती. एका बाजूला जमीन सारवून दिली होती. पहिल्याच दुपारी घरकामाची शेवंताबाई तांब्या घेऊन आली आणि ओंजळीत वरून पाणी ओतायला अवघडून उभी राहिली. जीवरामने ओंजळ धरलीच नाही. खांद्यावरची लष्करातली पाण्याची बाटली तिला दाखवली, बूच काढलं आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायला. शेवंताबाई हसली. तांब्यातलं पाणी तिने तुळशीला घातलं.

जीवरामची इंजिन खोलायची एक रीत होती. नट काढला की तो डब्यात पडायचा नाही. घासलेटमध्ये धुवायचा, पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं आणि पसरलेल्या गोणपाटावर आपल्या जागी मांडायचा. जो आधी निघाला तो ह्या टोकाला, जो शेवटी निघाला तो त्या टोकाला. बांधताना त्या टोकाकडून उलटं यायचं. सायलेन्सरच्या नटापासून टायमिंगच्या गिअरपर्यंत सगळे एका ओळीत. तो त्याला पंगत म्हणायचा. "पंगतीतून कोणी उठायचं नाही, कोणाला उठवायचं नाही," असं तो काम करताना स्वतःशीच बडबडायचा. खालचं चेंबर मात्र त्याने खोललं नाही. त्यात काही खुळखुळत नव्हतं. त्याच्या तोंडात तेलाचा बोळा कोंबून ते जड धूड तसंच कोपऱ्यात ठेवलं. पिस्टन ब्लॉकमध्ये चिकटला होता. तो ठोकून काढला, ब्लॉक पोत्यात गुंडाळला, आणि नवा पिस्टन बसवण्यापुरता तो आतून कापून घ्यायला पॅसेंजरने जळगावला गेला.

जळगावच्या लेथवाल्याने आज या, उद्या या करत त्याला रखडवला. जीवराम परत आला तेव्हा खांद्यावर ब्लॉक होता, खिशात नवा पिस्टन आणि रिंगांची पुडी होती आणि मन कधी नव्हे ते खुशीत होतं. घरी न जाता तो थेट गोठ्यात शिरला.

गोणपाट रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, धुवून दोरीवर वाळत घातलेलं.

भिंतीपाशी एक पितळी परात होती. तिच्यात सगळी पंगत ढीग होऊन पडली होती. मोठं खाली, लहान वर, घासलेल्या भांड्यांची उतरंड मांडतात तशी. वर तुळशीची चार पानं. आणि वास. जीवरामने एक गिअर उचलून नाकाशी नेला. गोमूत्र. दाताच्या फटीफटीत तांबूस गंज धरला होता. टॅपेट गंजले होते, व्हॉल्व्हच्या दांड्या गंजल्या होत्या, स्प्रिंगांना पिवळसर बुरा आला होता. कुठला व्हॉल्व्ह आत घेणारा आणि कुठला बाहेर सोडणारा, दोघांची एकमेकांवर मोळी.

शेवंताबाई शेणाची पाटी घेऊन आली आणि त्याला बघून थबकली.

"मन्हा काय गुन्हा शे, जीवरामभाऊ?" ती हळूच म्हणाली. "आक्कानी सांगं, मी धुयं. बठ्ठं धुयं, एकूण एक. आक्का म्हने, मालकनी गाडी शे, पुन्हा घरमा यी. तुम्हना हात लागेल शे ना."

आक्का म्हणजे धापूबाई, शेठची आई. आरडाओरडा करणारी बाई नव्हती. कोणाला घालूनपाडून बोलली असंही नाही. नवऱ्याची वस्तू दसऱ्याला पूजेला बसणार, तिला परक्याचा हात लागलाय, तर गुपचूप शुद्ध करून ठेवावी, इतकाच तिचा विचार. गुपचूप. म्हणजे मिस्त्रीला वाईटही वाटायला नको. असल्या चांगुलपणाने जितकं गंजलंय तितकं दुसऱ्या कशाने गंजलेलं नाही.

जीवरामने परात उचलली आणि परसदारातून दलिचंदशेठला हाक मारली. शेठ आला, परातीत बघितलं, मान खाली घातली.

"चूक झाली. वय झालंय तिचं. तू साफ करून बांधून टाक. जास्तीच्या कामाचं मी बघतो."

"शेठ, मी बांधेन. पण इथे नाही. पुढच्या ओट्यावर बांधेन, बाजारात तोंड करून. आणि हे कशाने गंजलं ते तुम्ही चार लोकांत सांगाल."

"अरे, लोकांत कशाला? घरातली गोष्ट आहे."

"तुमच्या घरातली आहे. नाव माझं जाणार आहे."

शेठ पुटपुटला की बघतो, आईशी बोलतो. बोलला नाही. त्या माणसाने आयुष्यात आईशी कधी काही बोलायचं होतं ते बोललाय असं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. उलट दुसऱ्या दिवशी जीवरामला चौकातल्या हॉटेलात वेगळीच गोष्ट ऐकू आली. लखीचंदशेठची गाडी गंजली. का गंजली? बैसाण्याचा हात लागला म्हणून. म्हाताऱ्याच्या गाडीने तो हात सोसला नाही. सांगणारा हसत सांगत होता, ऐकणारे हसत ऐकत होते, आणि जीवराम वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा पीत बाकाच्या टोकाला बसलेला आहे हे कोणाच्या लक्षातही नव्हतं.

त्याने कप खाली ठेवला. भांडला नाही. हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. भांडून ही गोष्ट मिटणार नव्हती. इंजिन त्याच्या हाताने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांधलं गेलं आणि चाललं, तरच स्टेशन रोडवरची ती पाटी पाटी राहणार होती. नाहीतर ठळक काढलेलं आडनाव लोक बोटाने दाखवत जाणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन तो दलिचंदशेठच्या पुढच्या दारासमोर आला, रस्त्याच्या ह्या बाजूला पेटी ठेवली आणि तिच्यावर बसला. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं की सांगायचा, "इंजिन बांधायला बसलोय. दार उघडायची वाट बघतोय." न विचारलं तरी सांगायचा. झेंडा नाही, घोषणा नाही, एका माणसाचा मोर्चा. दुपारी सुनंदाबाई भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली. नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे तिने बघितलं.

"बसणंच शे तर ताठ बसा," म्हणाली, आणि बाजारातून सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी घरी गेली.

दसरा जवळ येत चालला. शेठने शेवटी धुळ्याला माणूस पाठवला. आग्रा रोडवरचे याकूब उस्ताद पिंजारी, ह्या भागातले सगळ्यात जुने मिस्त्री. एसटीतून उतरले, पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, काखेत कातडी पिशवी. दारासमोर पेटीवर बसलेल्या माणसाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि आत गेले. शेठने त्यांना पुढच्या दाराने नेलं. जीवरामने ते बघून घेतलं.

थोड्या वेळाने उस्ताद एकटेच बाहेर आले. हातात एक गिअर होता. जीवरामच्या पुढ्यात उभे राहून त्यांनी तो नाकाशी नेला.

"मैंने पेट्रोल से धोया हुआ देखा, घासलेट से धोया हुआ देखा. ये इसको नहलाया किसने?"

"शेठच्या आईने."

"और खोला किसने?"

"मी."

उस्तादांनी मागे वळून बघितलं. दलिचंदशेठ ओट्यावर येऊन उभा होता. "शेठ, मी परत जातो. माझं भाडंसुद्धा नको. आमच्या धंद्यात ज्याने खोललं त्यानेच बांधायचं. दुसऱ्याने खोललेल्या इंजिनाला आम्ही हात लावत नाही. खोलणारा मेला असेल, गाव सोडून गेला असेल तर वेगळं. हा तर जिवंत आहे. दारात बसलाय आणि चांगला भांडतोय."

जीवराम पेटी उचलायला वाकला. पण उस्ताद त्याच्याकडेही वळले, आणि आवाज तितकाच कडक ठेवला.

"आणि तू रे? इथे बसून पुढारीपणा चाललाय. तिकडे गिअर रोज थोडा थोडा गंज खातोय. शेठवरचा राग लोखंडावर काढतोस?"

हे लागलं. गेल्या काही दिवसांत त्याने स्वतःचा विचार केला होता, शेठचा केला होता, हॉटेलातल्या हसणाऱ्यांचा केला होता. परातीतल्या गिअरचा केला नव्हता.

"मग काय करू, उस्ताद? मागल्या दाराने जाऊन गुपचूप बांधू?"

"मैंने कब बोला पीछे के दरवाजे से?" उस्ताद म्हणाले, आणि ओट्याच्या पायरीवर बसून त्यांनी सिगारेट काढली.

जीवराम उठला. बोळातून वळसा घालून मागे गेला, गोठ्यात शिरला. चेंबर अजून कोपऱ्यातच होतं. जड होतं म्हणून शेवंताबाईला ते हललं नव्हतं, वरून पाणी शिंपडलं होतं तेवढंच. त्याने बोळा काढून बघितलं, आतलं तेल जसंच्या तसं चकाकत होतं. मग गुडघे वाकवून त्याने ते पोटाशी उचललं. गोठ्यातून बोळात यायला दार होतं, कापसाच्या गाड्या तिथूनच आत यायच्या. तो त्या दाराकडे गेला नाही. परसातून सरळ घराच्या मागच्या उंबऱ्यावर चढला आणि आत गेला. स्वयंपाकघर उजवीकडे राहिलं. माजघर आलं.

माजघराच्या पुढच्या दारात धापूबाई उभी होती.

दोघांनी कधी एकमेकांना इतक्या जवळून बघितलं नव्हतं. ती ठेंगणी होती, डोक्यावरून ओढणी, हात चौकटीला. त्याच्या हातांच्या शिरा ताणल्या होत्या.

"इथून कुठे?" ती म्हणाली.

"ओट्यावर. बाजू द्या, आक्का."

ती हलली नाही.

"हे तुमच्या मालकांच्या गाडीचं काळीज आहे," जीवराम म्हणाला. आवाज चढवला नाही, चढवायला श्वासच उरला नव्हता. "हात भरून आलेत माझे. खाली पडलं तर फुटेल. असलं दुसरं ह्या मुलखात मिळायचं नाही. मी मागे जाणार नाही. आता तुम्ही ठरवा."

तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. तिची नजर त्या काळ्या लोखंडावर होती, त्याच्या निसटत चाललेल्या बोटांवर होती. चौकटीवरचा हात निघाला. ती भिंतीला लागून उभी राहिली, ओढणी आवरून, त्याला शिवू नये अशी. जीवराम तिच्यासमोरून गेला, ओसरी ओलांडली आणि चेंबर पुढच्या ओट्यावर ठेवलं. बाजारात दोनचार माणसं थांबली होती.

आतून धापूबाईचा आवाज आला. "शेवंता, पाणी आण. पुसून घे."

जीवरामने ऐकलं. मळलेल्या फडक्याने हात पुसले आणि आला तसाच, ओल्या फरशीवरून, परत आत गेला. एक टॅपेट घेऊन आला.

"अरे, परात एकदम आण की," दलिचंदशेठ कळवळून म्हणाला.

"एकदम परातीत घातलं म्हणूनच गंजलं, शेठ. माझी पंगत आहे. एकेकाला हाताला धरून आणणार."

मागे शेवंताबाईने फरशी पुसली. तो गेला, दुसरा टॅपेट आणला. पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. तो एक वॉशर आणायला गेला, तळहातावर ठेवून परत आला. ती पुसत होती आणि तो चालत होता. बाजारातली माणसं वाढली. हॉटेलातली गिऱ्हाइकं कप हातात घेऊन आली. कोणी हसू लागलं, पण हसू कोणाकडे बघून यावं हे त्यांचं ठरत नव्हतं. जीवराम घाई करत नव्हता. एका व्हॉल्व्हच्या खेपेला तर ओसरीत थांबून त्याने तो उजेडात धरून नीट निरखून घेतला. धापूबाई तिथेच भिंतीपाशी उभी होती, बोटाने फरशी दाखवत होती.

शेवटी शेवंताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आक्का, पानी सरनं. बठ्ठा रांजण रिकामा व्हयना. आते रांधाले बी नही."

जीवराम एक स्प्रिंग घेऊन मध्यावर उभा होता. धापूबाईने कोरड्या रांजणाकडे बघितलं, मग फरशीवरच्या पावलांकडे.

"राहू दे मग," ती म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीशी बसली.

उरलेली पंगत कोरड्या फरशीवरून आली.

ओट्यावर गोणपाट पसरलं. उस्तादांनी हात लावला नाही, बसून राहिले. जीवरामने एक गिअर उचलून सगळ्यांसमोर धरला. "हा मी तेल लावून ठेवला होता. हॉटेलात म्हणतात माझ्या हाताने गंजला. शेठ, सांगा कशाने गंजला."

दलिचंदशेठचं तोंड उघडलं, मिटलं. "ते... जरा पाणी लागलं," तो म्हणाला.

"कोणी लावलं?"

शेठच्या आधी खिडकीतून धापूबाईचा आवाज आला, खणखणीत. "मी धुतलं. गोमूत्राने धुतलं. माझ्या धन्याची गाडी, मी धुतली. चोरी केली का मी?"

हॉटेलात गोष्ट सांगणारा कपात बघू लागला. जीवरामने खिडकीकडे बघितलं आणि त्याला, रागातसुद्धा, ती बाई आवडली. लेकापेक्षा आईला कणा होता. चुकीचं केलं होतं पण विचारल्यावर लपवलं नव्हतं.

"ऐकलं ना सगळ्यांनी?" तो म्हणाला, आणि कामाला लागला.

पॉलिश पेपर, तेल आणि बोटं. दात अन् दात त्याने घासून काढला. व्हॉल्व्हच्या दांड्या सुताच्या दोरीने तेल लावून ओढल्या, तेव्हा गंजाखालचं पांढरं पोलाद पुन्हा वर आलं. गिअरवरच्या खुणेला खूण लावून तो बसवला. एक दात इकडेतिकडे झाला तर इंजिन वेड्यासारखं शिंकत बसतं. पिस्टन थंड होता, त्यात पिन जाईना. "गरम पाणी पाहिजे," तो आत बघून म्हणाला. कोणी कोणाला सांगितलं ते कळलं नाही, पण शेजारच्या घरून आणलेलं पाणी ह्या घरच्या चुलीवर तापलं आणि शेवंताबाई वाफाळतं पातेलं घेऊन आली. त्यात फडकं बुडवून त्याने पिस्टन गुंडाळला. धातू फुलला, पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली. रिंगांची तोंडं एकमेकांकडे पाठ करून फिरवली, म्हणजे वाफ गळायला वाट राहू नये. मग ब्लॉक वरून उतरवला, बोटांनी एकेक रिंग दाबत, श्वास धरून. रिंग मोडते ती इथेच. मोडली नाही. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटचा टाइम लावायला त्याने उस्तादांच्या सिगारेटचा पातळ कागद मागितला. उस्तादांनी तो न बोलता पुढे केला. कागद मॅग्नेटच्या दोन टोकांत धरून तो हळूहळू चाक फिरवत राहिला. ज्या क्षणी कागद सुटला, त्या क्षणी मॅग्नेट आवळला.

उन्हं उतरली होती. हमालांनी बोळातून ढकलत आणलेल्या गाडीत इंजिन बसलं, हेड बसलं, टाकीत पेट्रोल पडलं.

"उद्या दसरा आहे," दलिचंदशेठ पुढे होत म्हणाला. "नारळ फोडू, हार घालू, मग पहिली किक मी..."

"पूजा उद्या करा. पहिली किक बांधणाऱ्याची."

त्याने ठिणगीचा लिव्हर मागे घेतला, व्हॉल्व्ह उचलून पिस्टन पुढे काढला, आणि पायाखालची किक एका दमात खाली नेली. इंजिन बोललं. पुन्हा पुन्हा विचारून नव्हे, सरळ, जड, खालच्या पट्टीत. घरातली भांडी वाजू लागली. खिडकीत धापूबाई उठून उभी राहिली होती. ओढणीचं टोक तिने तोंडाशी धरलं होतं.

"बैठो उस्ताद," जीवराम म्हणाला. याकूब उस्ताद पिशवी सांभाळत मागे बसले. शेठला विचारण्याची गरज त्याला वाटली नाही. चौकातून, हॉटेलावरून, मुद्दाम सावकाश, त्याने गाडी एसटी स्टँडपर्यंत नेली, उस्तादांना धुळ्याच्या गाडीत बसवलं, आणि स्टेशन रोडवरून आपल्या पाटीखालून परत आला. दारात सुनंदाबाई उभी होती. तो ताठ बसला होता.

गाडी त्याने पुढच्या ओट्यासमोर उभी केली. शेवंताबाई आली. हातात पाणी भरलेला पितळी पेला होता. वरून ओतायला तांब्या नव्हे. जीवरामने तो ओठाला लावून रिकामा केला आणि परत दिला. आणि बघत राहिला. आत धापूबाईने बोट दाखवलं. शेवंताबाईने पेला घरातल्या फळीवर ठेवला नाही, बाहेर ओसरीच्या कोनाड्यात ठेवला. वेगळा.

तो पुन्हा ओसरी चढला, कोनाड्यातला पेला उचलला आणि ओट्यावर येऊन पेटीतून बारीक छिन्नी काढली. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात तसं, टिंबाला टिंब लावत, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी त्याने पेल्यावर नाव घातलं. जीवराम तोताराम बैसाणे. बैसाणे ठळक.

"आक्का," तो खिडकीकडे बघून म्हणाला, "वेगळाच ठेवायचा तर नावानिशी ठेवा. उद्या दुसऱ्या कोणाचा म्हणून गोंधळ नको."

पेला कोनाड्यात गेला.

पुढे तो दरवर्षी दसऱ्याच्या आधी बीएसए बघायला जायचा. पुढच्या दाराने जायचा, काम ओट्यावर करायचा, पाणी त्या पेल्यात प्यायचा. तो पेला कोनाड्यातून फळीवर कधी गेला, कोणी नेला, हे कोणी सांगत नाही. शेवंताबाई म्हणते, भांडी धुताना हाताखाली येईल ते जागेवर लावते, तिला काय वाचता येतं?

काही वर्षांनी दलिचंदशेठच्या पुतणीला बघायला जामनेरचे पाहुणे आले होते. बैठकीत पाणी फिरलं. नवरदेवाच्या चुलत्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. "हे बैसाणे कोण?" त्याने विचारलं. दलिचंदशेठ आपल्या चपलांकडे बघू लागला.

धापूबाई तेव्हा फार थकली होती, कोपऱ्यात गादीवर बसून असायची.

"मिस्त्री आहे," ती म्हणाली. "आमची गाडी त्याने बांधली. पेला त्याचा आहे. पाणी पिलात ना? मग आता पुढचं बोला."